हृदयाचे 'हेड' किती? वाढत्या 'जी'मध्ये मेंदूचा ऑक्सिजन का घटतो, हे वर्गात दाखवण्याची एक रीत

नागपूर-वर्ध्याकडे 'जी' हा शब्द आदराचा आहे, आणि अलीकडे तो मोबाईलच्या नेटवर्कचाही झाला आहे. त्यामुळे दहावीच्या वर्गात 'लढाऊ विमानाचा वैमानिक ९ जी सहन करतो' असे म्हटले की पहिला हशा ठरलेलाच असतो. तो ओसरू द्यावा आणि मग फळ्यावर लिहावे की १ जी म्हणजे पृथ्वीचे गुरुत्व त्वरण, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. ज्याचे वजन ५० किलो आहे त्या मुलाला ४ जीमध्ये आपण २०० किलोंचे झालो आहोत असे वाटेल, त्याचा हात, त्याचे डोके आणि त्याच्या नसांमधले रक्तही चौपट जड होईल. मेंदूच्या ऑक्सिजनची सगळी गोष्ट या शेवटच्या वाक्यात आहे, कारण आपले रक्त जड झाले तरी ते वर चढवणारे हृदय तेवढेच राहते.

हा विषय मी गेली काही वर्षे ग्रामीण शाळेत शिकवत आलो आहे. आमच्याकडे सेंट्रिफ्यूज नाही. भारतात माणसाला बसवून फिरवण्याचे असे यंत्र बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये आहे, आणि तिथवर सहल नेणे आमच्या आवाक्यातले नाही. परंतु विहिरीवरची मोटर प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, आणि या विषयासाठी तिच्याइतके चांगले साधन दुसरे नाही. पुढे दिलेल्या प्रयोगांना दोन तासिका आणि फार तर दोनतीनशे रुपयांचे साहित्य लागते. रक्तदाब मोजण्याचे काटेवाले जुने यंत्र मात्र कुणाकडून तरी मागून आणावे लागते.

सुरुवात बादलीपासून करावी. शाळेच्या पटांगणात एका मोठ्या मुलाला लहान बादलीत लिटरभर पाणी घेऊन ती उभ्या वर्तुळात गरगर फिरवायला सांगावे, आणि बाकीच्यांना दूर उभे करावे. खांद्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर साधारण १ मीटर असेल आणि एका सेकंदाला एक फेरी होत असेल, तर फिरण्यामुळे येणारे त्वरण ३९.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे जवळजवळ ४ जी भरते. बादली खालच्या टोकाला असताना त्यात पृथ्वीचा १ जी मिळवायचा, म्हणजे पाणी ५ जी अनुभवते. वरच्या टोकाला तोच वजा करायचा, म्हणजे ३ जी उरतो, आणि म्हणून बादली उलटी असूनही पाणी सांडत नाही. लिटरभर पाणी खालच्या टोकाला हाताला पाच किलोंचे लागते, हे त्या मुलाला स्वतःच्या तोंडाने सांगू द्यावे. ५ जी ही विमानातलीच गोष्ट नसून ती आपल्या हाताने, बादलीपुरती का होईना, निर्माण करता येते, हे एकदा पटले की पुढचे सोपे जाते.

मोटरची पाटी आणि शरीराची पाटी

पाणबुडी मोटरच्या पाटीवर हॉर्सपॉवरच्या शेजारी 'हेड' लिहिलेले असते, आणि मोटर घेताना शेतकरी आधी तेच पाहतो. हेड म्हणजे ती मोटर पाणी किती उंचीवर चढवू शकेल, याचा आकडा. उंची त्या आकड्याच्या जवळ गेली की पाईपातून येणारी धार बारीक होते, आणि त्याच्या पलीकडे गेली की मोटर चालूच राहते, वीज खातच राहते, पण वर थेंबही येत नाही. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खोल गेल्यावर हे दृश्य आमच्या मुलांनी घरीच पाहिलेले असते.

आता हृदयाचे हेड काढावे. निरोगी प्रौढ माणसाच्या धमन्यांतला सरासरी दाब हृदयाच्या पातळीवर ९० ते १०० मिलिमीटर पारा असतो. हिशोबाला सोपे म्हणून १०० धरू. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे, म्हणजे हा दाब पाण्याचा १३६ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ तोलू शकतो. रक्त पाण्यापेक्षा किंचित जड, १.०६ पट, म्हणून रक्ताचा स्तंभ सुमारे १२८ सेंटिमीटर. हृदयाची पाटी कोरायची झाली तर तिच्यावर 'हेड १२८ सेंटिमीटर' असे लिहावे लागेल. बसलेल्या माणसाचा डोळा आणि मेंदू हृदयापासून सुमारे ३० सेंटिमीटर वर असतात. एवढ्या उंचीसाठी सुमारे २३ मिलिमीटर पारा दाब खर्ची पडतो आणि डोक्यात ७५ च्या आसपास उरतो, जो पुरेसा असतो.

येथे फळ्यावर दाबाचे सूत्र लिहावे: दाब बरोबर घनता गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. या सूत्रात त्वरण आणि उंची शेजारीशेजारी, एकाच गुणाकारात बसली आहेत, म्हणून त्वरण चौपट करणे आणि उंची चौपट करणे यांचा परिणाम सारखाच होतो. ३० सेंटिमीटरची उंची ४ जीमध्ये १२० सेंटिमीटरची होऊन बसते, आणि हृदयाचे हेड तर १२८ आहे. आपल्या साऱ्या प्रयोगाची किल्ली हीच आहे: वर्गात माणसावरचा जी आपल्याला वाढवता येत नाही, पण भिंतीवर उंची वाढवता येते.

बाटलीचे हृदय

एक लिटरची, कडक प्लास्टिकची पारदर्शक बाटली घ्यावी. तिच्या झाकणाला तीन भोके पाडावीत: एकातून रक्तदाब यंत्राच्या रबरी फुग्याची नळी, दुसऱ्यातून काट्याच्या तबकडीची नळी, आणि तिसऱ्यातून बाटलीच्या तळापर्यंत जाणारी बारीक पारदर्शक नळी. यंत्राचा दंडावर गुंडाळायचा पट्टा आपल्याला लागत नाही, तो काढून ठेवावा. बारीक नळीसाठी मेडिकलच्या दुकानातून सलाईनचे कोरे, सीलबंद संच आणावेत, त्यांची मधली थेंबांची कुपी आणि चाकाची चिमटी कापून टाकावी आणि दोन नळ्या जोडून किमान दोन मीटर लांबी करावी. वापरलेला संच दवाखान्याच्या कचऱ्यातून कधीही आणू नये, मग तो कितीही स्वच्छ दिसत असो.

भोके तापवलेल्या खिळ्याने पाडावीत, आणि ती नळीपेक्षा किंचित लहान ठेवावीत, म्हणजे नळी दाटून बसते; तिच्याभोवती एम-सील लावून रात्रभर सुकू द्यावे. पहिल्या वर्षी मी खिळा जाडा घेतला, भोक सैल झाले, आणि वेळ नाही म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळून आम्ही तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला गेलो. काटा ८० वर असताना झाकणातली नळी निसटली आणि लाल पाण्याची चिळकांडी परीक्षकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली. त्यांनी ते हसून घेतले, परंतु आमचा क्रमांक त्या वर्षी आला नाही, आणि तो सदऱ्यामुळे गेला असे मी आजवर म्हटलेले नाही.

बाटली दोनतृतीयांश पाण्याने भरून त्यात जिलेबीत घालतात तो खाण्याचा लाल रंग टाकावा. कुंकू वापरू नये. ते विरघळत नाही आणि नळीत साका धरते. बाटली स्टुलावर ठेवून तिच्यातल्या पाण्याच्या पातळीसमोर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारावी आणि तिच्याजवळ 'हृदय' लिहावे. तिथून वर ३०, ६०, ९०, १२० आणि १५० सेंटिमीटरवर रेघा मारून त्यांच्यासमोर अनुक्रमे १ जी, २ जी, ३ जी, ४ जी आणि ५ जी असे लिहावे. पाणी कमी होईल तसे पातळी उतरते आणि मोजमाप चुकते, म्हणून दर खेपेस बाटली पुन्हा भरणे आवश्यक आहे.

आता कामे वाटून द्यावीत. एका मुलाने केवळ काट्याकडे पाहायचे आणि तो १०० वर राहील अशा बेताने फुगा दाबत राहायचे, तो हृदय. दुसऱ्याने नळीचे तोंड एकेका रेघेवर धरून त्याखाली मोजपात्र ठेवायचे. तिसऱ्याने मोबाईलच्या घड्याळावर दहा सेकंद मोजायचे, चौथ्याने वहीत लिहायचे. ३० सेंटिमीटरवर धार जोरात येते, ६० वर ती मऊ होते, ९० वर बारीक, आणि १२० वर ती भिंतीलगत ओघळते. १५० वर नळीत लाल स्तंभ १३६ च्या आसपास चढून थरथरत उभा राहतो, फुगा दाबला की किंचित हलतो, आणि तोंडातून काहीच येत नाही. मागच्या वर्षी फुगा दाबणारा मुलगा त्या वेळी काट्यावरची नजर न काढता म्हणाला, "सर, मोटर चालू हाय, पन पानी वर येऊनच नाही राह्यलं." वैमानिक बेशुद्ध पडतो तेव्हा त्याचे हृदय बंद पडलेले नसते, उलट ते जोरात धडधडत असते, हे त्याच्याइतके नेमके मला सांगता आले नसते.

डोळ्याची रेघ

भिंतीवर आणखी एक रेघ लाल खडूने १०९ सेंटिमीटरवर मारावी. डोळ्याचा गोळा आतून फुगलेला राहतो, त्याच्या आत १५ ते २० मिलिमीटर पारा दाब असतो, आणि दृष्टिपटलाला रक्त पोचवायचे तर धमनीला हा दाब ओलांडून आत शिरावे लागते. २० मिलिमीटर पारा म्हणजे २७ सेंटिमीटर पाणी; १३६ मधून ते वजा केले की १०९ उरतात. म्हणजे मेंदूला अजून थोडे रक्त मिळत असतानाच डोळ्याचे रक्त थांबते. माणूस शुद्धीवर असतो, ऐकतो, विचार करतो, पण त्याला दिसत नाही.

हे अंधारणे एकदम होत नाही. आधी रंग फिके पडतात, मग कडेचे दिसणे जाते आणि माणूस जणू पाईपातून पाहू लागतो, आणि शेवटी मधलेही विझते. कडेचे आधी का जाते, हे आमच्या मुलांना गावाच्या नळयोजनेवरून लगेच समजते: टाकीचा दाब कमी झाला की टोकाच्या घरांचे नळ आधी कोरडे पडतात. दृष्टिपटलाची मुख्य धमनी मधोमध आत येते, आणि कडा हे तिचे टोक आहे. सैल बसलेल्या, कोणताही खास पोशाख न घातलेल्या माणसाची दृष्टी साधारण ३ ते ४ जीपासून मंदावू लागते आणि शुद्ध ४.५ ते ५.५ जीच्या सुमारास हरपते. आपल्या भिंतीवरच्या रेघा या आकड्यांच्या किती जवळ आल्या, ते मुलांना स्वतः पाहू द्यावे.

थोडा फरक राहतो, आणि तो का राहतो हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मुले बाटलीलाच शरीर समजतील. बाटलीच्या नळीचे तोंड वर उघडे आहे. शरीरातले रक्त मात्र मेंदूतून मानेच्या शिरांवाटे पुन्हा खाली येते आणि उतरताना वरचे रक्त थोडे ओढून घेते. कवटी ही बंद पेटी आहे, तिच्यातल्या द्रवाचा दाबही जीबरोबर कमी होतो, त्यामुळे आतल्या रक्तवाहिन्या सहजासहजी चपट्या होत नाहीत. याखेरीज दाब घटला की मेंदूच्या धमन्या रुंदावतात आणि आपला वाटा राखू पाहतात. या साऱ्यामुळे माणसाची शुद्ध आपल्या हिशोबाहून थोडी उशिरा जाते.

प्रत्येकाचा स्वतःचा आकडा

हा भाग मुलांना सर्वांत आवडतो. गवंडी वापरतो ती लेव्हल पाईप आणावी. मुलगा भिंतीला टेकून ताठ बसला की त्याच्या छातीच्या मधल्या हाडाच्या मध्याची पातळी आणि डोळ्याची पातळी भिंतीवर उतरवावी आणि मधले अंतर टेपने मोजावे. रक्तदाब मोजण्यासाठी उपकेंद्राच्या नर्सताईंना विनंती करावी. वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक काढून त्याचा एकतृतीयांश खालच्या आकड्यात मिळवला की सरासरी दाब मिळतो.

समजा एका मुलीचा दाब ११० आणि ७० आहे, तर सरासरी सुमारे ८३. तिचे हृदय ते डोळा अंतर २७ सेंटिमीटर आहे, ते १२.८ ने (पारा रक्ताच्या तितका पट जड) भागले की पाऱ्याचे २.१ सेंटिमीटर, म्हणजे २१ मिलिमीटर पारा, हा तिचा प्रत्येक जीमागचा खर्च. ८३ ला २१ ने भागले की जवळजवळ ४ जी, आणि डोळ्यासाठी २० वजा करून ६३ ला २१ ने भागले की ३ जी. बुटक्या मानेची मुले या हिशोबात जिंकतात आणि वर्गातला सर्वांत उंच मुलगा बहुधा हरतो, त्यामुळे तासिकेत गोंधळ होतो, पण तो चालू द्यावा. जिराफाचा प्रश्न इथे हमखास येतो. त्याचे डोके हृदयापासून दोन मीटरांहून वर असते, म्हणून त्याचा रक्तदाब आपल्या दुपटीहून अधिक असतो, आणि त्याच्या पायांची कातडी इतकी घट्ट असते की खाली रक्त साचत नाही.

१ जीमध्येही उंचीचा हा खर्च डोळ्यांनी दिसतो. आमच्या शाळेचे शिपाईकाका शेतीही करतात, आणि त्यांच्या हाताच्या पाठीवरच्या शिरा दोरखंडासारख्या आहेत. मी त्यांना हात मिनिटभर खाली सोडायला सांगतो. शिरा टपोऱ्या फुगतात. मग ते हात अगदी सावकाश वर नेतात, आणि हात छातीच्या वर जाऊ लागला की त्या शिरा मुलांच्या देखत खाली बसतात, कातडीवर नुसती खाच उरते. मनगटावर बांधायचे रक्तदाबाचे यंत्र मिळाले तर मनगट छातीच्या पातळीवर आणि मग टेबलावरच्या पुस्तकांच्या थप्पीवर कोपर टेकवून डोळ्याच्या पातळीवर, असे दोनदा मोजावे. वरचा आकडा वीसएकने कमी येतो. काही यंत्रे हात चुकीच्या उंचीवर असल्याचे ओळखून मोजायला नकार देतात, तेव्हा ती यंत्राची बिघाडी समजू नये.

सेकंदांचा हिशोब

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीत शरीर जेवढा ऑक्सिजन वापरते त्यातला सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. त्याला मिनिटाला जवळजवळ ७५० मिलिलिटर रक्त लागते, आणि स्नायूंसारखा साठा त्याच्याजवळ नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत रोसेन, कॅबट आणि अँडरसन यांनी स्वयंसेवकांच्या मानेभोवती फुगवता येणारा पट्टा बांधून मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर थांबवला, तेव्हा माणसे साधारण पाच ते दहा सेकंदांत बेशुद्ध झाली. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि करूही नये.

हे दाखवण्यासाठी नळीच्या तोंडाखाली तळाला बारीक भोक पाडलेला प्लास्टिकचा पेला टांगावा. पुरवठा चालू असताना पेला भरलेला राहतो आणि भोकातून धार पडत राहते. नळी चिमटली की पेला रिकामा होऊ लागतो; भोकाचा आकार असा जमवावा की तो पाच सेकंदांत संपेल. ही पाच सेकंदे म्हणजे मेंदूच्या ऊतींत आणि तिथे अडकलेल्या रक्तात शिल्लक असलेला ऑक्सिजन.

दुसरीकडे, शरीराजवळही बचावाची यंत्रणा आहे. मानेतल्या धमनीच्या फाट्यावर दाब ओळखणारी जागा असते. दाब घटला की ती मेंदूला कळवते, हृदयाचे ठोके वाढतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि हेड वाढते. परंतु या यंत्रणेला आपला परिणाम दाखवायला सहा ते नऊ सेकंद लागतात आणि पुरा जोर यायला आणखी काही. आमच्याकडे रात्री लाईन आली की मोटरचा ऑटो लगेच मोटर सुरू करत नाही, काही सेकंद थांबतो, तसेच हे आहे. जी सावकाश वाढला तर ऑटो वेळेवर लागतो आणि माणूस जवळजवळ १ जी अधिक सोसतो. जी एका-दोन सेकंदांत ७ वर नेला, तर पहिली चार-पाच सेकंदे शिलकीवर सर्व ठीक वाटते आणि मग डोळ्यांपुढे अंधारी न येताच शुद्ध जाते, कारण डोळा आणि मेंदू यांच्यातले अंतरच उरत नाही. आधुनिक लढाऊ विमानांत खरा धोका हाच आहे.

जी उतरला की रक्त तत्काळ परत येते, तरी माणूस तत्काळ परत येत नाही. सेंट्रिफ्यूजमधल्या निरीक्षणांत पूर्ण बेशुद्धी सरासरी १२ सेकंदांच्या आसपास टिकते, आणि त्यानंतर जवळजवळ तेवढाच वेळ माणूस भांबावलेला असतो. हातपाय झटकतात, तुटक स्वप्ने पडतात, आणि आपण बेशुद्ध झालो होतो हेच अनेकांना आठवत नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान २४ सेकंदांत ६ किलोमीटर जाते. आमच्या शाळेपासून बसथांब्यापर्यंतचे अंतर याहून कमी आहे.

अचानक उठल्यावर येणारी अंधारी हीसुद्धा याच ऑटोच्या उशिराची गोष्ट आहे. कापूस वेचताना तासभर वाकून राहिलेली बाई ताठ उभी राहते तेव्हा रक्त पायांकडे उतरते आणि ऑटो लागेपर्यंत दोन-चार क्षण डोळ्यांपुढे काळोख होतो. मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना आणि पाणी कमी प्यालेले असताना, हे अधिक होते, कारण नसांत रक्त कमी असते आणि कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. वैमानिकाची जी सोसण्याची ताकदही उष्णतेने आणि निर्जलीकरणाने अशीच घटते.

हेड वाढवण्याचे उपाय

९ जीसाठी लागणारा दाब मुलांकडून काढून घ्यावा: ९ गुणिले २३, म्हणजे २०७ मिलिमीटर पारा, तोही केवळ रक्त डोक्यापर्यंत पोचण्यापुरता. त्यासाठी वैमानिक पाय, मांड्या आणि पोटाचे स्नायू आवळतो, कंठ बंद ठेवून छातीत दाब निर्माण करतो, आणि दर तीन सेकंदांनी झटकन श्वास बदलतो. श्वास जास्त वेळ रोखला तर हृदयाकडे परतणारे रक्तच अडते, म्हणून तीन सेकंदांचा हा ताल काटेकोर असतो. नीट जमले तर या एका युक्तीने ३ जीपर्यंत किंवा त्याहूनही अधिक भर पडते. जी-सूट पाय आणि पोटाभोवती हवेने फुगतो आणि १ ते १.५ जीची भर घालतो. याचा पाण्याने भरलेला पूर्वज कॅनडाच्या विल्बर फ्रँक्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बनवला. बाटलीवर हे दाखवायचे तर काटा १५० वर न्यावा: १५० सेंटिमीटरच्या रेघेवर थांबलेली धार पुन्हा सुरू होते. २०० पर्यंत जाण्याचा मोह आवरावा, कारण एम-सीलवर माझा तितका विश्वास नाही.

दाबाखेरीज ऑक्सिजनची दुसरीही बाजू आहे. जीमध्ये फुप्फुसांतले रक्त खालच्या भागात साचते आणि हवा वरच्या भागात राहते. त्यांची गाठ पडत नाही, म्हणून पोचणाऱ्या रक्तातही ऑक्सिजन कमी असतो. म्हणजे पुरवठा कमी आणि मालही हलका, असा दुहेरी तोटा होतो.

मेंदूतला ऑक्सिजन मोजतात कसा, हा प्रश्न कोरोनाच्या साथीनंतर विचारला जातोच, कारण आशाताईंनी प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला होता. बोटाचे यंत्र धमनीतल्या रक्ताची प्रत सांगते, मेंदूला ते किती मिळते हे सांगत नाही. त्यासाठी कपाळावर जवळ-अवरक्त किरणांचा संवेदक चिकटवतात. हे किरण कातडी आणि हाड ओलांडून काही प्रमाणात आत जातात, आणि ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. फ्रान्स यॉब्सिस यांनी ही पद्धत १९७७ मध्ये मांडली. वर्गात अंधार करून मोबाईलच्या टॉर्चवर बोट धरावे, ते लाल उजळते. टीव्हीच्या रिमोटचे न दिसणारे किरण मोबाईलच्या कॅमेऱ्यात बहुधा चमकताना दिसतात. एवढ्याने कल्पना येते.

प्रयोग सुरू करण्यापूर्वीच काही गोष्टींना सक्त मनाई करावी. मान आवळणे, श्वास रोखून चक्कर आणण्याचे खेळ, डोळ्यावर बोट दाबून अंधारी येते का ते पाहणे आणि बगीच्यातला गोल पाळणा मोटारसायकलच्या चाकाने फिरवणे, यांपैकी काहीही 'सर म्हणाले होते' म्हणून घरी होता कामा नये. ज्या मुलाला वारंवार भोवळ येते त्याला बादलीही फिरवायला देऊ नये, आणि त्याच्या पालकांना दवाखान्यात दाखवायला सांगावे.

शेवटचा प्रयोग दहा मिनिटे राखून ठेवावा. अमेरिकेचे जॉन पॉल स्टॅप १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटने ढकललेल्या गाडीत बसले आणि ती थांबताना त्यांनी ४६.२ जी सोसला, पण डोक्याकडून पायांकडे नव्हे तर छाती-पाठीच्या दिशेने; डोळे सुजले तरी ते जगले. राकेश शर्मा १९८४ मध्ये सोयुझमधून गेले आणि शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये ड्रॅगनमधून गेले, तेव्हा दोघेही पाठीवर, गुडघे वर करून पहुडलेले होते, म्हणजे हृदय आणि डोके यांच्यात चढायला उंचीच फारशी उरली नव्हती. हे सांगून झाल्यावर फुगा दाबणाऱ्या मुलाला काटा १०० वर ठेवायला सांगावे, आणि १५० च्या रेघेवर मघाशी हटून बसलेली नळी भिंतीवरून काढून बाटलीच्या पातळीवर टेबलावर आडवी अंथरावी. नळी तेवढीच लांब, दाब तेवढाच. पण तोंडातून लाल पाणी भळभळा वाहू लागते, आणि खाली पोतेरे आधीच अंथरून ठेवलेले नसेल तर वर्गभर पसरते.